रक्त मोजायचा ड्रेप: लेबर रूममध्ये भरपूर वापरल्यावरचा रिव्ह्यू

बाळ झाल्यावर बाईचं रक्त किती गेलं ते मोजायला कमरेखाली प्लॅस्टिकचा ड्रेप सरकवतात ना, खाली निमुळती थैली आणि थैलीवर एमएलच्या रेघा, त्याचा हा रिव्ह्यू आहे. मी मिडवाइफ आहे, छोट्या क्लिनिकमध्ये काम करते, नॉर्मल डिलिव्हऱ्या बहुतेक आम्हीच करतो, डॉक्टर मॅडम ऑन कॉल असतात, रात्री फोन केला की येतात पण यायला वेळ हा लागतोच. हे आधी सांगून ठेवते कारण जिथे सर्जन शेजारच्या खोलीत आणि ब्लड बँक खालच्या मजल्यावर आहे तिथल्या लोकांना ही वस्तू कदाचित एवढी मोठी वाटणार नाही. आमच्यासारख्या ठिकाणी वाटते.

थोडक्यात हवं असेल तर, घ्या. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईल, तक्रारी बऱ्याच आहेत.

आधी आम्ही काय करायचो तर अंदाज. पॅड किती भिजले, मॉप किती लाल झाले, चादरीवर डाग केवढा, फरशीवर सांडलंय का, हे सगळं नजरेने बघायचं आणि रजिस्टरमध्ये आकडा टाकायचा. आता नजरेचं माप असं असतं की थोडं रक्त असलं की जास्त वाटतं आणि खरंच जास्त असलं की कमी वाटतं, म्हणजे नेमकं जिथे चुकायला नको तिथेच चुकतं. अनुभवाने ते सुधारतं म्हणाल तर तसंही नाही, नवीन लागलेली मुलगी आणि आयुष्य लेबर रूममध्ये काढलेली सिनिअर सिस्टर दोघी सारख्याच चुकतात, फरक एवढाच की सिनिअर ठामपणे चुकते. (आमच्या सिनिअर हे वाचून चिडणारेत, चिडू देत.)

मी पूर्वी जिथे होते तिथल्या रजिस्टरमध्ये तर पानंच्या पानं ब्लड लॉस २०० एमएल, ब्लड लॉस २०० एमएल. जुळी झाली तरी २००, टाके पडले तरी २००, चार किलोचं बाळ असलं तरी २००. मध्येच कुठे कुणी ३०० लिहिलेलं दिसलं की समजायचं, त्या रात्री जाम धावपळ झाली असणार. त्या जागेचं नाव घेत नाही, आणि खरं म्हणजे नाव घ्यायची गरजही नाही, अशी रजिस्टरं कुठेही सापडतील.

आता एवढं मोजायचं कशाला, बाई बरी दिसतेय ना, असं नातेवाईक सोडा, कधीकधी स्टाफपण म्हणतो. तर त्याचं असं आहे की दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त फिरत असतं. वार (प्लॅसेंटा) सुटली की तिची जागा उघडी पडते, गर्भाशय आवळलं की तिथल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं, आणि नाही आवळलं तर हिशोब तुम्हीच करा. दुसरी गोष्ट, गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे तरुण धडधाकट बाई बरंच रक्त जाईस्तोवर बीपी धरून ठेवते, बोलते, हसते, फोटो काढा म्हणते, आणि मग जे खाली येतं ते धाडकन येतं. म्हणजे ती बरी दिसतेय ह्यावर जायचं तर फार उशिरा जाग येते. बाळंतपणात बायका दगावण्याचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण अजूनही हा रक्तस्रावच आहे, आणि ते बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होतं.

बरं, ड्रेपवर येते. ड्रेप आल्यावर खरा फरक कुठे पडला माहितीय का, फोनवर.

आधीचा फोन असा असायचा.

"मॅडम, जरा जास्त जातंय."

"जास्त म्हणजे किती?"

"म्हणजे... नेहमीपेक्षा जास्त वाटतंय."

"गर्भपिशवी कडक आहे ना? मसाज करत राहा, दहा मिनिटांनी परत सांग."

ह्यात मॅडमचं चुकत नव्हतं हो, रात्री अडीच वाजता झोपेतून उठून समोरच्याच्या "वाटतंय" वर गाडी काढायची म्हणजे रोजच काढावी लागेल. आणि आम्हालाही परत फोन करायचा धीर होत नाही, उगाच घाबरते असं म्हणतील ही भीती असतेच, मग ती दहा मिनिटं पंधरा होतात, पंधराची वीस.

आत्ताचा फोन असा.

"मॅडम, डिलिव्हरीला वीस मिनिटं झाली, ३५० झालंय, पल्स ११२, अजून वाहतंय. ऑक्सिटोसिन चालू केलंय, ट्रानेक्झामिक लावतेय."

"निघाले."

संपला फोन. (ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळायचं औषध, ट्रानेक्झामिक रक्तस्राव थांबवायचं.) माझ्या मते ह्या वस्तूचा सगळा फायदा ह्या एका शब्दात आहे. आकडा असला की वाद होत नाही, कुणाला माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच राहत नाही, थैलीवरच्या रेघेवर बोट ठेवलं की झालं. आणि हे नवीन मुलींना तर फारच उपयोगी, त्यांचं "वाटतंय" कुणी ऐकत नाही पण त्यांचं "३५०" सगळे ऐकतात.

एक केस सांगते, ओळख पटेल असं काही सांगत नाही. दुसरं बाळंतपण, भराभर झालं, बाळ रडलं, छातीवर ठेवलं, वार आली. वार मी ट्रेमध्ये पसरून दोन्ही बाजूंनी बघितली, एक तुकडा कमी नाही, पडदेपण पूर्ण. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय बेंबीच्या खाली घट्ट गोळा. बाळ दूध ओढायला लागलेलं. म्हणजे कागदावर सगळं उत्तम. फक्त एक बारीक धार, लालभडक, थांबतच नव्हती. इतकी बारीक की चादरीवर पडली असती तर कुणाच्या लक्षातही आली नसती, पॅड लावून बाईला कुशीवर वळवलं असतं आणि पुढचं पॅड बदलताना कळलं असतं. मी खाली बसले, थैली कॉटच्या कडेवरून मोकळी लोंबतेय ना ते बघितलं, टॉर्च मारला, २२०. पाच मिनिटांनी २७०. आणखी पाच मिनिटांनी ३२० च्या आसपास, नेमक्या रेघेवर गुठळी बसल्यामुळे नीट वाचता येईना म्हणून बोटाने टिचकी मारून गुठळी खाली सरकवली, हो, ३२०. बाई वरून विचारतेय, "ताई, वजन किती भरलं बाळाचं?" आणि मी खालून "सांगते हां, सांगते" करतेय, नजर ३०० च्या पिवळ्या रेघेवर. पल्स १०४. आता गर्भपिशवी घट्ट आहे, वार पूर्ण आहे आणि तरी ताजं रक्त येतंय म्हणजे कुठेतरी फाटलंय, बाहेर तर काही दिसत नव्हतं, म्हणजे आत. मदतनीस मावशींनी फोन लावून माझ्या कानाला धरला, मी बोलता बोलता सलाईन लावली, ट्रानेक्झामिक सुरू केलं. मॅडम आल्या, स्पेक्युलम (आत बघायचं उपकरण) घालून बघितलं तर गर्भाशयाच्या तोंडाला एका बाजूने चीर गेलेली. टाके घातले, धार बंद. सगळं मिळून ६०० च्या आत मिटलं आणि बाईला रक्त चढवायची वेळ आली नाही. वजन सांगायला गेले तोवर तिला ते कुणीतरी केव्हाच सांगून टाकलं होतं.

ह्या केसमध्ये ड्रेपने कुणाला वाचवलं वगैरे मी म्हणणार नाही, टाके मॅडमनी घातले. पण दर पाच मिनिटाला ५० हा जो वेग दिसला ना, तो चादरीवर कधीच दिसला नसता. भसकन येणारं रक्त कुणालाही दिसतं. ही गुपचूप वाहणारी धार दिसत नाही, तिच्यासाठी ड्रेप.

ज्यांना अभ्यास वगैरे लागतो त्यांच्यासाठी. हा ड्रेप काही काल आलेला नाही. बेळगाव जिल्ह्यात मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आवळायच्या गोळ्यांची ट्रायल झाली होती तेव्हा रक्त मोजण्यासाठी तिथे असा ड्रेप तयार केला गेला, आणि २००६ मध्ये त्यावर जे छापून आलं त्यात नजरेचा अंदाज ड्रेपच्या मापापेक्षा सुमारे ३३ टक्के कमी निघाला होता. मग युरोपात १३ देशांत मोठी ट्रायल झाली, २०१० साली रिझल्ट आले, काही हॉस्पिटलांत थैली वापरायची आणि काहींत नेहमीसारखा अंदाज, आणि गंभीर रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरकच पडला नाही. हे विकणारे सांगत नाहीत बरं का, म्हणून मुद्दाम लिहितेय. मोजून नुसतं ठेवून दिलं तर थैली काहीच करत नाही.

मग २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाची ट्रायल आली आणि तिथे खेळच बदलला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया, ८० हॉस्पिटलं, दोन लाखांहून जास्त बायका. त्यांनी ड्रेप तर दिलाच पण त्याच्याबरोबर पुढचं सगळं बांधून दिलं, म्हणजे रेघ ओलांडली की गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाईन, आणि रक्त कुठून येतंय ते तपासणं, थांबत नसेल तर वरच्याला बोलावणं, हे सगळं एका दमात. आधी मसाज करून बघू, मग अर्धा तास वाट बघू, मग पुढचं औषध, असं एकेक पायरी चढत बसायचं नाही. त्याने काय झालं तर रक्तस्राव वेळेत ओळखण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ वर गेलं म्हणजे नेहमीच्या पद्धतीच्या हॉस्पिटलांत ५१ आणि ह्यांच्याकडे ९३, पूर्ण उपचार मिळाल्याचं १९ विरुद्ध ९१, आणि लिटरभर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, ह्या सगळ्यांचं मिळून ४.३ टक्के विरुद्ध १.६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ही पद्धत शिफारशीत घेतली, आणि २०२५ च्या नव्या गाइडलाइनमध्ये तर ५०० ची वाट न बघता ३०० झालं आणि पल्स किंवा बीपी बिघडलेलं असलं, उदाहरणार्थ पल्स १०० च्या वर किंवा वरचं बीपी १०० च्या खाली, तर तिथेच सुरू करा असं आलं. म्हणून चांगल्या ड्रेपवर ३०० आणि ५०० ह्या दोन रेघा ठळक असतात. आमच्याकडच्यावर ३०० पिवळी, ५०० लाल.

ट्रानेक्झामिकचं इथेच सांगते, ते तीन तासांच्या आत द्यायचं असतं पण तीन तास आहेत म्हणून निवांत राहायचं नाही, दर पंधरा मिनिटं उशिराला फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो. एक ग्रॅम, शिरेतून, दहा मिनिटांत हळूहळू. म्हणजे लवकर कळण्याला किंमत का आहे ते ह्यावरून कळेल.

आता वापरायचं कसं, कारण निम्म्या लोकांना मी चुकीचं लावताना बघितलंय. बाळाच्या आधी लावायचा नाही. बाळ बाहेर येतं तेव्हा मागून गर्भजल येतं, ते सगळं थैलीत जाणार आणि एकदम ४०० दिसणार. आमच्याकडे एका ट्रेनी मुलीने असाच आधीच लावून ठेवला होता आणि बाळ झाल्या झाल्या "सिस्टर ४५०!" म्हणून किंचाळली, बाई घाबरली, बाईचा नवरा पांढराफटक पडला, बघितलं तर फिकट गुलाबी पाणी. तर बाळ आलं, कोरडं केलं, छातीवर दिलं, पाणी वाहून गेलं, मग बाईला जरा कंबर उचलायला सांगून ड्रेप खाली सरकवायचा, बंद कमरेभोवती आणून बांधायचे, थैलीचं तोंड उघडं करायचं आणि थैली कॉटच्या कडेवरून खाली मोकळी सोडायची. थैली कॉटवरच दुमडून राहिली तर रेघांना काही अर्थ नाही. बाळ छातीवर असण्याला, नाळ उशिरा कापण्याला ह्याचा काही अडथळा येत नाही, ड्रेप खाली, बाळ वर, दोघांचं एकमेकांशी काही घेणंदेणं नाही. टाके घालताना वापरलेले मॉप मात्र वेगळे ठेवायचे आणि वजन करायचे, ओल्याचं वजन वजा कोरड्याचं वजन, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक एमएल धरायचं आणि थैलीतल्या आकड्यात मिळवायचं. हे कुणी करत नाही. करा.

लघवीचं पण बघा. मूत्राशय भरलेलं असेल तर एक तर गर्भाशय नीट आवळत नाही, आणि दुसरं म्हणजे मसाज करताना सगळं थैलीत.

आणि दर पंधरा मिनिटांनी, पहिला तासभर तरी, रक्त, पल्स, बीपी आणि गर्भाशयाचा कडकपणा चारही बघायचं. हे चारही लिहिलंय कारण ड्रेप लावला की काही जणींचे हात पोटावर जायचेच बंद होतात. परवाचीच गोष्ट, सकाळच्या शिफ्टची सिस्टर मला म्हणाली, "काही नाही, १५० च आहे फक्त," आणि मी पोट दाबलं तर गर्भाशय बेंबीच्याही वर गेलेलं, मऊ, पिठाच्या गोळ्यासारखं. चोळलं, दाबलं, भली मोठी गुठळी बदकन थैलीत आणि आकडा ४०० ला. म्हणजे रक्त जात होतंच, आतच साठत होतं. तसंच टाक्यांच्या जागी आतल्या आत रक्त साकळलं तर बाई वेदनेने तळमळते, पल्स वाढतो आणि थैली कोरडी. ड्रेप फक्त बाहेर आलेलं सांगतो. हे ड्रेपचं वैगुण्य म्हणता येणार नाही, त्याचं कामच तेवढं आहे, पण पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

आता कापलेला स्टार.

पहिलं म्हणजे प्लॅस्टिक. घामाने चिकटतं, खाली सुरकुत्या पडतात, बाई हलली की कुरकुर वाजतं. एवढे तास कळा दिलेली बाई, तिला आता कुठे जरा शांत पडायचं असतं आणि आपण तिला थंडगार प्लॅस्टिकवर तासभर झोपवतो. "हे काढा ना आता" हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय. आम्ही पाठ आणि ड्रेपच्या वरच्या काठामध्ये सुती कापडाची घडी ठेवतो, त्याने बऱ्यापैकी फरक पडतो, पण ही अक्कल बनवणाऱ्यांना यायला काय हरकत आहे, वरच्या भागाला मऊ अस्तर लावलं की संपलं. आणि बाईला आधी सांगा हो की हे काय आहे, कशासाठी लावतोय, किती वेळ ठेवणार. सांगितलं की बहुतेक जणी काही म्हणत नाहीत. न सांगता खाली काहीतरी सरकवलं की कुणालाही राग येणारच.

दुसरं, हा ड्रेप बाई उताणी किंवा टेकून झोपलीय असं धरूनच बनवलाय. आमच्याकडे बऱ्याच जणी गुडघ्यांवर, कुशीवर, उकिडव्या बसून बाळंत होतात, आम्हीच तसं करायला सांगतो, आणि मग बाळ झाल्यावर तिला ड्रेपसाठी टेकून बसवावं लागतं. बहुतेकींना तेव्हा टेकायचंच असतं म्हणून निभतं, पण कुशीवर झोपून बाळाला घ्यायचं असेल तर थैली तिरकी होते आणि वाचन गेलं. पाण्यातल्या बाळंतपणाला तर, बाई टबमध्ये आहे तोवर, ह्याचा शून्य उपयोग.

तिसरं म्हणजे मालामालात फरक. आमच्याकडे एक बॅच आली होती, कंपनीचं नाव नाही घेत, थैलीचा खालचा कोपरा नीट चिकटवलेलाच नव्हता, बारीक ठिबकायचं. रक्त मोजायची वस्तू आणि तीच गळतेय, काय बोलायचं. अख्खी बॅच परत केली. आता नवीन खोका आला की त्यातला एक काढून मोजपात्राने ३०० एमएल पाणी ओतून बघतो, रेघेवर येतं का आणि दहा मिनिटं लटकवून गळतं का. हे सगळ्यांनी करावं असं माझं मत आहे, पाणी काय ओतायचं तेवढंच आहे. बंदांची लांबीपण बघा, आखूड बंद जाड बाईला पुरत नाहीत, मग चिकटपट्टी लावत बसावं लागतं. आणि रेघा थैलीच्या बाहेरच्या बाजूने, ठळक, मंद उजेडात दिसतील अशा हव्यात. लेबर रूममध्ये आपण दिवे मंद ठेवतो आणि कंपनीवाल्यांनी करड्या शाईत आकडे छापलेत, अशा ड्रेपचं काय करायचं सांगा.

कचऱ्याचा प्रश्न आहेच. एकदा वापरून टाकायची वस्तू, रक्ताने भरलेली, प्रत्येक डिलिव्हरीला एक. काही ठिकाणी धुऊन परत वापरतात असं ऐकलंय, कृपा करून असं करू नका, इन्फेक्शनचं तर आहेच शिवाय दोनदा धुतलं की रेघा पुसट होतात आणि मग राहतो काय तर नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. खरंच मिळत नसतील तर कमरेखाली स्वच्छ बेडपॅन ठेवून त्यातलं मोजपात्रात ओतणं आणि पॅड वजन करणं, हे कटकटीचं आहे पण अंदाजापेक्षा लाखपटीने बरं.

एक जरा नाजूक गोष्ट. थैली पारदर्शक असते. सोबतीला आत आलेल्या माणसाला, बहिण असो, आई असो, नवरा असो, कॉटच्या पायथ्याशी लटकलेली रक्ताची थैली दिसली की त्याचे पाय लटपटतात. १५० एमएल थैलीत बघायला भयंकर वाटतं, खरं तर ते अगदी ठीक असतं. आम्ही सोबतच्याला डोक्याशी उभं करतो, तसंही त्याची जागा तिथेच आहे, आणि थैलीवरून एक हिरवं कापड सोडतो. आकडा मोठ्याने ओरडायचा नाही, एकमेकींना खुणेने किंवा हळू सांगायचा, बाईच्या कानावर "चारशे" पडलं की ती विचारणारच चारशे काय.

ज्यांच्याकडे अजून नाही त्यांना एक सल्ला, नुसते ड्रेप मागवू नका. आधी बसून ठरवा की पिवळ्या रेघेला कोण काय करणार, लाल रेघेला कोण काय करणार, ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये नीट २ ते ८ डिग्रीला आहे का, ट्रानेक्झामिक, सलाईन, कॅन्युला सगळं एका डब्यात हाताशी आहे का, फोन कुणी लावायचा. आमच्याकडे तो डबा लेबर रूमच्या दाराशेजारी असतो आणि त्याला कुलूप नसतं, चावी शोधण्यात गेलेली मिनिटं मी दुसरीकडे बघितली आहेत. भिंतीवर कागद लावलाय, त्यावर पाचच ओळी. हे नसेल तर युरोपातल्या ट्रायलसारखं होणार, छान मोजलं, छान लिहिलं, बस.

रजिस्टरचं एक सांगायचं राहिलं. ड्रेप आल्यापासून आमच्या रजिस्टरमध्ये १२०, ३४०, ८०, २६०, ५१० असे वेडेवाकडे आकडे दिसायला लागलेत आणि वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं की तुमच्याकडे रक्तस्रावाच्या केसेस अचानक वाढल्या कशा. वाढल्या नाहीत साहेब, दिसायला लागल्या. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, सही करून गेले.

सध्याचा खोका संपत आलाय. पुढची ऑर्डर देताना बंद लांब हवेत, शाई काळी हवी असं स्टोअरला लिहून दिलंय, आणि आल्यावर पाणी ओतून बघेपर्यंत बिल पास करू नका असंही. बघू काय येतं ते.